पंचनाम्यात न विचारलेले प्रश्न : युक्रेनची पुनर्बांधणी आणि आपला अनुभव

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या महाविद्यालयात एक चर्चासत्र आहे. युद्ध चालू असलेल्या देशाला पुन्हा उभं राहताना आणि शेजारच्या देशांशी जोडून घेताना विद्यापीठांतल्या संशोधनाचा काय उपयोग होतो, असा विषय. मी युक्रेनवर टिपण करते आहे. गेले सहा आठवडे वाचतेय आणि वाचता वाचता सारखी माझी आजी आठवतेय, म्हणून इथे धागा काढला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजी नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. त्याची नक्कल आमच्याकडे अजून आहे. घडीवर फाटलेला कागद, निळी शाई: तांब्याचा बंब १, शिवणयंत्र १, गाद्या २, पितळी डबे ७. आजी गल्लीतल्या खाणावळीत पोळ्या लाटायची. ते मात्र त्या कागदावर कुठेच नाही, कारण पंचनाम्यात काय गेलं एवढंच विचारतात. कशावर जगत होतात, हे विचारत नाहीत. पुढे गोखलेनगरला जागा मिळाली. तिथून पहाटे पाचला पेठेत पोचणं तिला जमेना आणि सहा महिन्यांत काम सुटलं. "घर मिळालं पण चूल हिंडायला लागली," असं ती म्हणायची.

पानशेतच्या पूरग्रस्तांचा रीतसर अभ्यास गोखले इन्स्टिट्यूटच्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी केला. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ मध्ये छापून आली. आपल्या पुण्याचं हे मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दोन्ही अभ्यास लोकांच्या हातात पडले तोवर वसाहती वसून झाल्या होत्या, धरण भरलं होतं. शहाणपण आलं, पण निर्णय त्याच्या आधीच होऊन गेले होते.

युक्रेनमध्ये आत्ता जागतिक बँक, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रं आणि युक्रेनचं सरकार मिळून नुकसानीची मोजदाद करतात, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. पहिल्या फेरीत गरज निघाली ३४९ अब्ज डॉलरची, फेब्रुवारी २०२५ च्या चौथ्या फेरीत ५२४ अब्जांची, तीही दहा वर्षांसाठी. त्या फेरीत देशातली १३ टक्के घरं मोडलेली किंवा पूर्ण गेलेली निघाली, २५ लाखांहून जास्त कुटुंबांना झळ. हा जगातला बहुधा सर्वांत काटेकोर पंचनामा असेल. तो लागतोच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: आजीला जे विचारलं गेलं नाही, ते तिथे कोण विचारतंय? आणि वेळेवर विचारतंय का?

तुमचे अनुभव हवेत. कोणी पुनर्वसनातून गेलं असेल, कोणी असल्या कामात असेल, तर जरूर लिहा.

वेताळटेकडी

मुठाकाठ, आजीचं वाचून गलबलून आलं. तरी मनातलं स्पष्ट विचारतो. रोज रात्री ड्रोन पडताहेत तिथे. अशा वेळी चर्चासत्रं घेणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. आधी युद्ध थांबू दे, मग अभ्यास करा. दुसरं असं की अभ्यासाच्या नावावर पैसा वाहून जातो. इराकच्या पुनर्बांधणीवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी महानिरीक्षकांचा शेवटचा अहवाल २०१३ मध्ये आला. सुमारे ६० अब्ज डॉलर खर्चले गेले, त्यातले किमान ८ अब्ज वाया गेले, असा त्यांचा अंदाज. तिथे काय कमी तज्ज्ञ होते?

रोहित्र

वेताळटेकडी, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझ्या खात्यातलं एक उदाहरण देतो. मी वीज मंडळात लोड डिस्पॅचला, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा सतत जुळवत ठेवणाऱ्या कक्षात होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

युक्रेन आणि मोल्दोवाचं वीजजाळं सोव्हिएत काळापासून रशिया-बेलारूसच्या जाळ्याला जोडलेलं होतं. त्यांना ते तोडून युरोपच्या जाळ्याला जोडायचं होतं. हे बटण दाबून होत नाही. दोन्हीकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झच असली तरी दोन जाळी एक करणं म्हणजे दोन अनोळखी बैलजोड्या एका नांगराला जुंपणं. पाऊल जरा चुकलं की जू मोडतं. म्हणून २०१७ मध्ये करार करून कामाला लागले. एकेका वीजकेंद्राचा गव्हर्नर, म्हणजे यंत्राचा वेग सांभाळणारा भाग, तपासायचा, भार एकदम पडला तर यंत्र किती सेकंदांत सावरतं ते नोंदवायचं, त्या आकड्यांवरून सगळ्या जाळ्याचं गणिती प्रारूप बांधायचं, त्यावर अपघात घडवून बघायचे. हे सगळं संशोधनच आहे. कंटाळवाणं, कोणाच्या डोळ्यांत न भरणारं.

शेवटची परीक्षा होती काही दिवस एकट्याने चालण्याची. रशियापासून सुटायचं, युरोपला जोडायचं नाही, आपल्या पायावर उभं राहून दाखवायचं. मग परत रशियाशी जोडून घ्यायचं, उन्हाळ्यात पुन्हा एक परीक्षा, आणि २०२३ मध्ये कायमचं जोडणं. हिवाळ्यातल्या परीक्षेची तारीख बऱ्याच आधी ठरली होती: २४ फेब्रुवारी २०२२. त्या रात्री त्यांनी जोड सोडला आणि काही तासांत रशियाने आक्रमण केलं.

ते पुन्हा रशियाच्या जाळ्यात गेलेच नाहीत. जवळजवळ तीन आठवडे बॉम्ब पडत असताना एकट्याने जाळं चालवलं आणि १६ मार्च २०२२ ला युरोपशी जोडले गेले. वर्षभरानंतरचं काम तीन आठवड्यांत झालं, कारण अभ्यास तयार होता. नसता, तर युरोपातल्या कुठल्याही अभियंत्याने अशा जोडणीवर सही केली नसती, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपलं उत्तरेकडचं जाळं कोसळलं होतं, आठवत असेल. दक्षिणेचं जाळं तेव्हा वेगळं होतं. ते ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने उरलेल्या देशाशी जुळलं. त्या रात्री मी पाळीवर होतो. पडद्यावर दोन्ही बाजूंची वारंवारता जवळ येताना बघत खोलीत सगळे गप्प होतो. जोड लागला, आकडा एक झाला, तेव्हा आमच्या साहेबांनी फक्त चहा मागवला. त्यामुळे ती मार्चची रात्र कीव्हच्या नियंत्रण कक्षात कशी गेली असेल, याची थोडी कल्पना करू शकतो.

तेव्हा अभ्यास युद्ध संपल्यावर करायचा हे मला पटत नाही. नंतर सवडीने करू म्हणून चालत नाही.

कर्वेरोडवरून

रोहित्र काका, अप्रतिम प्रतिसाद. तारखेचा योगायोग वाचून अंगावर काटा आला.

मुठाकाठ

रोहित्र काका, हे माझ्या टिपणात पहिल्या पानावर जाणार.

वेताळटेकडी, तुमची तळमळ कळते. पण मागच्या महायुद्धात काय झालं बघा. ब्रेटन वुड्सची परिषद जुलै १९४४ ला भरली. पॅरिससुद्धा तेव्हा मुक्त झालं नव्हतं. आपले चिंतामणराव देशमुख तिथे भारताच्या शिष्टमंडळात होते. तिथे ज्या जागतिक बँकेचा पाया घातला गेला तिच्या मूळ नावातच पुनर्बांधणी आहे. लढाई ऐन भरात असताना माणसं बसून नंतरचा हिशोब मांडत होती. युक्रेनच्या बाबतीतही एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे युद्धाला दोन महिने व्हायच्या आत, युरोपातल्या अर्थतज्ज्ञांच्या एका जाळ्याने पुनर्बांधणीचा आराखडा छापला. लिहिणाऱ्यांत युक्रेनियन अर्थतज्ज्ञही होते. त्यांचा भर दोन गोष्टींवर होता. मदतीचा ताबा युक्रेनकडे असावा, आणि सगळं बांधकाम युरोपीय संघात जाण्याच्या वाटेवरचं असावं.

आता इराकचं. पैसा का वाया जातो यावरही संशोधन आहेच. पॉल कॉलियर आणि आन्के होफ्लर या अर्थतज्ज्ञांनी यादवीनंतरच्या देशांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. पहिल्या तीन वर्षांत देशाची पैसा पचवायची ताकद नेहमीपेक्षा जास्त नसते आणि मदतीचा खरा उपयोग चौथ्या ते सातव्या वर्षात होतो, असं त्यांना दिसलं. दुर्दैव असं की कॅमेरे पहिल्या वर्षी असतात, म्हणून पैसाही तेव्हाच येतो आणि नंतर आटतो. हे आधी माहीत असेल तर देणाऱ्यांना सांगता येतं की थोडं राखून ठेवा. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ साठी युक्रेनला ५० अब्ज युरोंची तरतूद केली आहे. ती सुधारणांच्या टप्प्यांना बांधून हप्त्यांनी मिळते.

चोरीबद्दल म्हणाल तर युक्रेनने सरकारी खरेदीसाठी प्रोझोरो नावाची खुली व्यवस्था उभी केली आणि २०१६ मध्ये ती सक्तीची केली. निविदा कोणी भरली, किती रकमेची, हे कोणालाही घरबसल्या दिसतं. त्याच धर्तीवर आता पुनर्बांधणीच्या कामांचीही खुली नोंद ठेवतात.

वेताळटेकडी

चौथ्या ते सातव्या वर्षाचं माहीत नव्हतं. हे महत्त्वाचं आहे. पण तेवढ्याने सगळ्या संशोधनावर माझा विश्वास बसणार नाही. खुल्या व्यवस्था सत्तेतली माणसं बंदही करू शकतात.

मुठाकाठ

करू शकतात, आणि प्रयत्नही झाला. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता काढणारा कायदा तिथे झाला. भर युद्धात तरुण मुलं खोक्याच्या पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर आली, ब्रुसेल्सहून, म्हणजे युरोपीय संघाकडूनही दबाव आला आणि दहा दिवसांच्या आत कायदा फिरवावा लागला. युरोपात जायचंय ही आस लोकांच्या हातातला लगाम झाली आहे. माझ्या मते जोडून घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, बाजारपेठेहूनही मोठा.

सईची आई

मी इथे फार लिहीत नाही, पण हा विषय माझ्या घरातला आहे. माझी मुलगी खार्किव्हला वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होती. मेट्रोच्या स्थानकात पाच रात्री काढल्या, मग उभ्याने रेल्वेचा प्रवास, मग सीमेपर्यंत चालत. ऑपरेशन गंगामधून घरी आली. लोहगावला तिला पाहिलं तेव्हा पायात दोन वेगवेगळे बूट होते.

मला सांगायचंय ते तिच्या जीवरसायनशास्त्राच्या बाईंबद्दल. त्या खार्किव्हमध्येच राहिल्या. मार्च संपता संपता त्यांनी फोनवरून तास सुरू केले. मध्येच आवाज जायचा, भोंगा वाजायचा, बाई "पाच मिनिटं" म्हणायच्या आणि अर्ध्या तासाने परत यायच्या. सई इथे आमच्या धायरीच्या घरात पंख्याखाली बसून ऐकायची आणि रडायची. एकदा बाईंनी परीक्षेतले गुण कापले. सईने विचारलं, अशा दिवसांतही? त्यांनी लिहिलं, याच दिवसांत नीट तपासायला हवं.

तुम्ही सगळे संशोधन म्हणताय, तर ते करणारी माणसं कोणत्या अवस्थेत आहेत हेही टिपणात घाला. अनेक बायका मुलांना घेऊन पोलंड-जर्मनीत गेल्या, लढायच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये खार्किव्हच्या मेट्रो स्थानकांत शाळेचे वर्ग भरवायला लागले, ज्या फलाटांवर सई झोपली होती तिथेच. बाहेरच्या विद्यापीठांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन उचलून नेलं तर माणूस वाचतो, पण तिथलं विद्यापीठ रिकामं होतं. त्यांना आहे तिथे ठेवून पगार, पुस्तकं, प्रयोगशाळा कशी देता येईल, याचा विचार कोणी करतंय का?

मुठाकाठ

सईची आई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुम्ही म्हणता तो प्रश्न माझ्या टिपणात नव्हताच. आता तो मध्यावर येईल.

एक आशेची गोष्ट. कीव्ह स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही १९९६ साली सुरू झालेली संस्था कीव्हमध्येच पाय रोवून राहिली आहे. युद्धाच्या पहिल्या आठवड्यांपासून नुकसानीची मोजदाद त्यांनी हाती घेतली, नागरिकांनी पाठवलेल्या माहितीसकट. बाहेरच्या मोठ्या संस्थांना हिशोब करताना त्यांचा आधार मिळाला. घराचा पत्ता, भिंतीची जात, शहरातला भाव, हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं. आणि तुमच्या सईच्या बाईंसारखी माणसं नसतील तर बाहेरचा कितीही हुशार अभ्यासक आंधळाच.

किल्लारीकर

आमच्यावर अभ्यास झाला, म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी अकरा वर्षांचा होतो. माणसं गेली ते इथे लिहीत नाही.

नंतर लातूर-उस्मानाबादची ५२ गावं पुरती हलवून नव्या जागी वसवली. घर जमिनीच्या हिशोबाने: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. आमचं जुनं घर माळवदाचं होतं, दगड-मातीच्या हातभर जाड भिंतींचं. त्याच भिंतींनी मारलं, हे खरं. म्हणून नवी घरं मजबूत झाली त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मांडणीची आहे. शहरासारख्या सरळ रांगा, रुंद रस्ते, घर सुटं सुटं. जुन्या गावात आमची भावकी एका गल्लीत होती. म्हातारी माणसं ओट्यावरून ओट्यावर बोलायची. नव्या गावात चुलते पार दुसऱ्या टोकाला. आई चार वर्षं रोज दुपारी जुन्या गावठाणात जाऊन बसायची. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं. आमचं घर बांधणाऱ्यांतले एक साहेब मला अजून आठवतात. भला माणूस, घामाघूम होऊन काम करायचा. पण त्याने आईला विचारलं ते एवढंच की दार पूर्वेला हवं का.

आता दुसरी बाजू. जी गावं हलवली नाहीत, जिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे गावातल्याच महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. त्या घरोघर जाऊन पैसे किती, लोखंड किती, भिंत कशी बांधायची, हे समजावून सांगायच्या आणि लोकांची गाऱ्हाणी वर पोचवायच्या. माझी मावशी त्यातली एक. तिला आजही गवंड्याची चूक लांबून दिसते. त्या गावांत लोक घराला ‘आपलं’ म्हणतात. आमच्याकडे अजून ‘कॉलनीतलं घर’ म्हणतात.

बांधणारा कोण, यापेक्षा मांडणी ठरवणारा कोण, हे विचारा युक्रेनवाल्यांना.

मुठाकाठ

किल्लारीकर दादा, विचारायलाच हवं. तिथे एक गोष्ट युद्धाआधीच झाली होती. २०१४ पासून त्यांनी दहा हजारांहून जास्त छोट्या ग्रामपरिषदा एकत्र करून १,४६९ मोठ्या स्वायत्त नगर-ग्रामसंघटना केल्या, त्यांना ‘ह्रोमादा’ म्हणतात. कराचा मोठा वाटा त्यांच्याकडे राहायला लागला. युद्धात निर्वासितांना जागा, पाणी, जनरेटर हे बऱ्याच ठिकाणी त्यांनीच बघितलं. तुमच्या मावशीसारखी माणसं तिथे असतील तर ती तिथेच असतील. पण पुनर्बांधणीचा मोठा पैसा राजधानीतून आणि बाहेरून येतो, त्यामुळे मांडणी ठरवायचा हक्क त्यांच्याकडे राहील का, ही मला खरी काळजी आहे.

तुमच्यामुळे आणखी एक आठवलं. डेव्हिस आणि वाइनस्टीन या अर्थतज्ज्ञांनी जपानी शहरांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवलं की बॉम्बने भाजून निघालेली बहुतेक शहरं पंधरा-वीस वर्षांत आपल्या जुन्या ओघावर परत आली. हा निष्कर्ष वाचून हुरळून जायला होतं. पण जपानचे लोक परत आपल्या जागी आले. युक्रेनचे साठ लाखांच्या आसपास लोक परदेशात आहेत, मुलं तिथल्या शाळांत रुळताहेत. माणूस परत येतो तो भिंतीसाठी नाही, तर काम, शाळा आणि शेजारासाठी. त्यामुळे जपानचं उत्तर जसंच्या तसं उचलता येणार नाही.

मीनानदी

मी नारायणगावचा शेतकरी, सध्या पुण्यात मुलाकडे. मार्च २०२२ मध्ये सूर्यफुलाच्या तेलाचा डबा घेताना युक्रेन पहिल्यांदा माझ्या खिशात आलं. आपल्याकडचं बहुतांश सूर्यफूल तेल तिकडून यायचं.

शेजारच्या देशांशी जोडून घेण्याबद्दल सगळे गोड बोलताय, पण शेजारच्या शेतकऱ्याचं काय? काळ्या समुद्रातली बंदरं अडली तेव्हा युक्रेनचं धान्य रेल्वेने आणि ट्रकने पोलंड-रोमानियातून काढलं. बराच माल तिथेच उतरला आणि भाव पडले. एप्रिल २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियाने आयात बंद केली. पोलंडचे शेतकरी सीमेवर ट्रॅक्टर आडवे लावून बसले. मला त्यांचा राग आला नाही. मंचरच्या बाजारात परप्रांतातल्या कांद्याच्या दहा गाड्या लागल्या की माझ्या पोटात गोळा येतो. पोलंडच्या लोकांनी निर्वासितांना स्वतःच्या घरात ठेवलं होतं हो. त्यांना कोणी आधी बसवून सांगितलं होतं का, तुमचं इतकं नुकसान होईल आणि ते आम्ही असं भरून देऊ?

आणि ते रुळांचं काय? वाचलं की गाडी सीमेवर अडते.

रोहित्र

मीनानदी, युक्रेनमध्ये दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर, युरोपात बहुतेक ठिकाणी १४३५. साडेआठ सेंटिमीटरचा फरक, पण त्यासाठी सीमेवर माल उतरवून चढवायचा किंवा डब्यांची चाकं बदलायची. आपल्या जुन्या मिरज स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो गेज तिन्ही होते. बेळगावकडून येणारी मीटर गेजची गाडी, कुर्डुवाडीकडची छोटी गाडी, आणि हमालांची ती धावपळ. माझे मामा तिथे हमालांचे मुकादम होते. गेज बदललं तेव्हा प्रवाशांची सोय झाली आणि मामांच्या तीस माणसांचं काम गेलं. दोन्ही खरं.

मुठाकाठ

मीनानदी काका, पोलंडच्या शेतकऱ्याला आधी विचारलं नव्हतं. माझ्या मते युरोपकडून झालेली ही सर्वांत मोठी चूक. आणि ती टाळता आली असती, कारण अनुभव त्यांच्याच कपाटात होता. २००४ मध्ये दहा देश संघात आले तेव्हा नव्या देशांच्या शेतकऱ्यांना थेट अनुदान पहिल्या वर्षी जुन्यांच्या २५ टक्के दिलं आणि वर्षावर्षाने वाढवत २०१३ ला बरोबरीला आणलं. कामगारांच्या ये-जा करण्यावर सात वर्षांपर्यंत बंधनं ठेवायची मुभा होती. तेव्हाही कुरबुर झाली, पण पायऱ्या होत्या. युक्रेनची वाटाघाट जून २०२४ मध्ये औपचारिकपणे सुरू झाली आहे. एवढा मोठा शेतीप्रधान देश आत येणार. कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या पिकाला किती धक्का बसेल, हे आज मोजलं तर भरपाई ठरवून मग दार उघडता येईल.

आणि रोहित्र काका, मामांची तीस माणसं. त्यांची मोजणी कोणत्याच कागदावर नसेल. माझ्या आजीच्या पोळ्यांसारखीच.

वेताळटेकडी

माझं मत थोडं बदललं, तेही नोंदवतो. अभ्यास आत्ताच व्हायला हवा. पण चर्चासत्रात सईच्या आईंना आणि किल्लारीकरांना बोलवा. नुसत्या प्राध्यापकांनी एकमेकांना ऐकवू नका.

मुठाकाठ

बोलावते. सईची आई, किल्लारीकर दादा, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. येण्याजाण्याची सोय आम्ही करू. दादा, एक विनंती. जमलं तर आईंना विचाराल का, की त्या वेळी कोणी नीट विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

किल्लारीकर

काल रात्री फोनवर विचारलं. आधी म्हणाली, आता कशाला. मग थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच सांगितलं असतं की माझ्या दारातून जावेचं दार दिसू दे. रात्री तिच्याकडचा कंदील दिसला की झोप लागायची."